राईतली झाडं उभी आहेत, मग अळंबी कुठं गेली?

बावनदी

नमस्कार मंडळी. संगमेश्वर तालुक्यात आमचं गाव. ग्रामदेवतेची राई आहे, साधारण तीन एकरांची. किंजळ, बेहडा, सातवीण, सुरंगी आणि मधोमध मांडीएवढी जाड गारंबीची वेल. कौल लावल्याशिवाय कोणी वाळली काटकीही उचलत नसे.

मिरगाचा पाऊस दोन-चार दिवस लागून पडला की आजी मला पहाटे उठवून राईत न्यायची. तिच्या ठरलेल्या जागा होत्या. पाणंदीकडचं मोठं वारूळ, देवळामागचा पडका बेहडा आणि जुना फणस. वारुळावरची अळंबी ती काढायची, पण ओंजळभर मुद्दाम ठेवायची. "तो आईचा वाटा" म्हणायची. बेहड्यावरच्या पंख्यासारख्या, कानासारख्या, पोळ्याच्या पापुद्र्यासारख्या बुरश्या आम्ही नुसत्या बघायचो. फणसाच्या खोडावर फणसोंबा यायचा, लाकडासारखा टणक. गावात कुणाच्या तान्ह्याचं तोंड आलं की आजी तो सहाणेवर उगाळून द्यायची.

मी बारा वर्षं मुंबईत होतो, आता कायमचा परत आलोय. गेले तीन पावसाळे राई पायाखाली घालतोय. वारुळावर एकदाच आली, तीही मूठभर. लाकडावरचं जवळजवळ काहीच नाही. झाडं मात्र बरीचशी तीच आहेत, म्हणून कोडं पडलंय.

मधल्या काळात दोन गोष्टी झाल्या. २०१३ मध्ये राईतून जाणाऱ्या पायवाटेचा डांबरी रस्ता झाला. आता राईचे दोन तुकडे आहेत, एक मोठा, एक लहान. नंतर देवळाचा जीर्णोद्धार झाला. भोवती पेव्हर ब्लॉक बसले, आणि तेव्हापासून दरवर्षी शिमग्याआधी राई "साफ" करतात. खालचं रान कापतात, पालापाचोळा ओढून जाळतात, पडलेलं लाकूड उचलतात.

गेल्या आश्विनातल्या वादळात देवळापासून जरा लांब किंजळीचं एक झाड आडवं झालं. दोघांच्या कवेत मावणार नाही एवढं. त्याचा लिलाव करायचं घाटतंय. शिमगा झाला की बैठक आहे. तिथं "लाकूड राहू द्या" म्हणायचं तर मला कारण नीट सांगता आलं पाहिजे. अळंबी जाण्याचा आणि राई तुटण्याचा खरंच संबंध आहे का?

घाटमाथा

पावसाचं वेळापत्रक बिघडलंय, ते आधी बघा. जूनमध्ये चार दिवस कोसळतो आणि मग पंधरा दिवस कडक ऊन. आमच्याकडे राई तुटलेली नाही, तरी अळंबी कमी झाली आहे. शिवाय स्पष्टच लिहितो, तीन एकरांच्या तुकड्यात जैवविविधता टिकवायची धडपड मला फार उपयोगाची वाटत नाही. तेवढी ताकद मोठ्या सलग जंगलांसाठी लावावी.

पिसा

बावनदी, तुमचा प्रश्न वाचून रात्री झोप लागली नाही, म्हणून सविस्तर लिहिते. मी वनस्पतिशास्त्र शिकवत असे, आता निवृत्त आहे. मुळशी, वेल्हे, भोर इथल्या राया पंचवीसेक वर्षं हिंडले आहे.

आधी रस्त्याचं. तीन एकर म्हणजे बारा हजार चौरस मीटरला थोडी वर, चौकोन धरला तर बाजू ११० मीटरची. म्हणजे रस्ता व्हायच्या आधीसुद्धा राईच्या अगदी मध्यावर उभं राहिलं तरी कड ५५ मीटरवरच होती. आता मधून रस्ता गेला. त्याच्या दोन्ही अंगांनी ऊन आणि वारा आत येतो. तुमच्या राईला "आत" असं फारसं उरलेलंच नाही, ती जवळजवळ सगळी कडच झाली आहे.

कडेला काय होतं, हे ब्राझीलमध्ये मनाउसजवळ १९७९ पासून शास्त्रज्ञ पाहत आले आहेत. अ‍ॅमेझॉनच्या जंगलात १, १० आणि १०० हेक्टरचे तुकडे राखले आणि भोवतालचं रान कुरणांसाठी गेलं. कडेपासून ३०० मीटरच्या पट्ट्यातली थोराड झाडं आतल्या जंगलातल्यांपेक्षा जवळपास तिप्पट वेगानं मेली. थोराड झाडांची ही गत, तर बुरशीचं बघा. तिचा धागा केसापेक्षा बारीक, अंगावर ना साल ना मेण. हवा कोरडी झाली की ती सुकते किंवा लाकडात खोल दडते. छत्री उगवायला सलग ओल लागते. घाटमाथा म्हणतात ते पावसाच्या खंडाचं खरं आहे, मी नाकारत नाही. पण दाट राईत पंधरा दिवसांची उघडीप पालापाचोळ्याखाली तेवढी जाणवत नाही. तीच उघडीप कडेला जमिनीला भेगा पाडते. पाऊस बिघडल्याचा मार तुटलेल्या राईला जास्त बसतो.

आता किंजळीचं. वेल्ह्याकडच्या एका राईत बेहड्याचं एक खोड पडलं होतं. मी सलग अकरा श्रावण त्याच्याकडे गेले. पहिल्या वर्षी साल घट्ट, वर काही नाही. दुसऱ्या वर्षी सालीच्या भेगांतून पांढरट पापुद्रे. चौथ्या-पाचव्या वर्षी पंख्यासारख्या, पट्ट्यापट्ट्यांच्या बुरश्या एकीवर एक, जशा कौलांच्या ओळी. मग त्या गेल्या आणि नाजूक देठाच्या छत्र्या आल्या, नखाएवढ्या. नवव्या वर्षी मी चैत्रात मुद्दाम गेले. भोवतालचं सगळं रान कडकडीत वाळलेलं. खोडाच्या खालच्या अंगाला बोट दाबलं तर पहिल्या पेरापर्यंत आत गेलं. मूठभर लाकूड पिळलं आणि तळहातावरून पाणी ओघळलं. चैत्रात! ते खोड म्हणजे राईतला पाण्याचा रांजण होता. बारीक फांद्यांना हे जमत नाही, त्या आठवड्यात वाळतात. त्या भल्या थोरल्या ओंडक्यावरच जगणाऱ्या बुरश्या वेगळ्या, आणि एक बुरशी लाकूड पोखरून मऊ करते तेव्हाच दुसरीला तिथं जागा मिळते. तुमच्या राईतून दरवर्षी पडलेलं लाकूड उचललं जातं. मग ती रांग सुरूच होत नाही.

एक घरगुती प्रयोग करा, बैठकीतही दाखवता येईल. कुठलीही उमललेली छत्री घ्या, देठ कापा, टोपी अर्ध्या काळ्या, अर्ध्या पांढऱ्या कागदावर उपडी ठेवून वर वाटी झाका. सकाळी कागदावर टोपीच्या पडद्यांची जशीच्या तशी रांगोळी उमटलेली असते. ते सगळे बीजाणू, म्हणजे बुरशीचं बी, लाखोंच्या हिशोबात. लोकांना वाटतं एवढे उडतात म्हणजे कुठंही पोचत असतील. पण २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोजणीत ९५ टक्के बीजाणू छत्रीपासून एका मीटरच्या आत पडलेले आढळले. उरलेले लांब जातात, हे खरं. पण त्यांना उन्हातून, डांबरावरून, भातखाचरावरून जाऊन नेमकं हवं तेच ओलं लाकूड गाठायचं असतं. राया एकमेकींपासून तुटल्या की एका राईतून संपलेला प्रकार दुसरीतून परत यायची शक्यता फार कमी होते.

आणि हे सगळं लगेच दिसत नाही. बुरशीचं शरीर म्हणजे छत्री नव्हे, ते लाकडातलं आणि जमिनीतलं जाळं. रस्ता झाल्यावरही जुन्या ओंडक्यांत ते जगत राहिलं असेल. ते ओंडके संपले, नवे राहिले नाहीत, आणि तुम्ही परत आलात तेव्हा रिकामी राई तुमच्या वाट्याला आली. पण याच कारणानं मला आशाही वाटते. छत्री दिसली नाही म्हणजे जाळं मेलंच असं नाही. ओल आणि लाकूड परत द्या.

घाटमाथा, लहान तुकड्यांबद्दल. सह्याद्रीतल्या देवरायांची नोंद वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी सत्तरच्या दशकात केली. तेव्हाही त्यातल्या कित्येक अशाच चिमुकल्या होत्या. मोठं जंगल हवंच. पण ज्या तालुक्यात सलग जंगल उरलंच नाही, तिथं बीज राखणारं दुसरं काय आहे? कर्नाटकातल्या कोडगूत (कूर्ग) राखीव जंगल, देवराया आणि कॉफीचे मळे यांतल्या छत्र्यांची तुलना केली गेली, ती २००६ मध्ये प्रसिद्ध झाली. कॉफीच्या मळ्यात छत्र्या संख्येनं सगळ्यात जास्त निघाल्या, पण तेवढ्याच जागेत प्रकार सगळ्यात कमी. सावली आहे, झाडं आहेत, छत्र्याही भरपूर, तरी तेच ते. म्हणून "झाडी आहे ना, मग झालं" हे मला पटत नाही.

सत्तरीकर

गोव्यातून लिहितोय. वारुळाच्या अळंबीबद्दल एक गोष्ट राहिली. आमच्याकडे वारुळाला रोयण म्हणतात आणि तिच्यावरची ती ओळमी. ही बुरशी वाळवीच पाळते. कामकरी वाळव्या पाला, गवत, लाकूड खाऊन वारुळात आत पोळं रचतात, त्यावर बुरशी वाढते, आणि तीच वाळवीचं अन्न. माणसाला ती अजून शेतात पिकवता आलेली नाही.

नवं वारूळ बसतं तेव्हा त्यात ही बुरशी आधीपासून नसते. नव्या कामकरी वाळव्या बाहेर चरायला निघतात आणि पडलेले बीजाणू गोळा करून आणतात. म्हणजे आसपास कुठंतरी छत्री पूर्ण उमललेली हवी. आणि बाजारात भाव कशाला, तर न उमललेल्या कळ्यांना. पहाटे बॅटरी घेऊन जातात आणि एकूण एक कळी खुडतात. बुरशीचे अभ्यासक नंदकुमार कामत कितीतरी वर्षं लोकांना सांगत आले आहेत की रानातली ओळमी ओरबाडू नका.

बावनदी, तुमच्या आजीचा "आईचा वाटा" वाचून मी थांबलो. ती ओंजळभर उमलायला ठेवायची, त्यावर पुढची वारुळं उभी राहत होती.

वऱ्हाडी जगदलपूर

मी मूळचा अमरावतीचा, नोकरीनं बस्तरात. इथं पहिल्या पावसात बोडा येतो, मातीत लपलेली गोटी, सुपारीएवढी. सुरुवातीचा बोडा मटणापेक्षा महाग. पण तो येतो फक्त साल वृक्षाच्या खाली, कारण सालाच्या मुळांशीच त्याचं जाळं जोडलेलं असतं. सालाची तोड करून तिथं निलगिरी लावलेली पाहिली आहे. वरून हिरवंगार, पण बायका टोपल्या घेऊन त्या बाजूला फिरकत नाहीत. कोकणातही मुळांशी जोडलेली अशी अळंबी असते का?

पिसा

तुमच्या सालाचं गोत्र दक्षिणेकडच्या सदाहरित रानांत आहे, कर्नाटक-केरळात. तिथं मुळांशी बांधलेल्या छत्र्या सापडतात. कोकणात आंबा, फणस, बेहडा यांच्या मुळांतही बुरशी असतेच, पण ती छत्री उगवत नाही, मातीतच राहते. म्हणून बावनदींच्या राईत डोळ्यांना दिसणारं जे गेलं, ते मुख्यतः लाकडावरचं, पाल्यावरचं आणि वारुळावरचं.

मुळांवरच्या बुरशीचा एक अभ्यास मात्र आपल्याही कामाचा आहे. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर पॉइंट रेयेसला पाइनच्या झाडांची बेटं आहेत, कुठं एकटं झाड, कुठं हेक्टरभर रान. कबीर पे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये दाखवलं की बेट लहान तितके बुरशीचे प्रकार कमी. पुढं २०१० मध्ये हेही दाखवलं की एकटं झाड मोठ्या रानापासून जितकं लांब, तितके प्रकार कमी. म्हणजे आकाराइतकंच अंतरही महत्त्वाचं. तुमच्या राईच्या दोन तुकड्यांमध्ये आज सहा-सात मीटर डांबर आहे. रस्त्यावर फांद्यांचं छत पुन्हा मिळालं तर तेवढं अंतर फार नाही. तिथल्या फांद्या छाटू देऊ नका.

बावनदी

ताई, सगळं छापून घेतलं आहे. एक अडचण आहे. समितीतले काका म्हणतात, पडलं लाकूड ठेवलं की वाळवी लागणार आणि ती देवळाच्या वाशांना जाणार. देऊळ नवं असलं तरी गाभाऱ्यावरचं जुनं सागवानी काम तसंच ठेवलं आहे. त्यांची काळजी मला खोटी वाटत नाही. काय सांगू?

पिसा

खोटी नाहीच. वारूळ करणारी वाळवी घराचं लाकूडही खाते, हे काकांना मोकळेपणानं मान्य करा. देवळाला टेकून किंवा जवळ असलेलं लाकूड हलवा, पायाजवळ माती चढू देऊ नका, सागवानी काम दरवर्षी पावसाआधी तपासा. पण वाळवी राईत आधीपासून आहे, किंजळ नेली म्हणून ती जाणार नाही. उलट रानात खायला काही ठेवलं नाही तर ती कुठं जाईल, हाही प्रश्न काकांना विचारा.

बैठकीत सगळं एकदम मागू नका. किंजळीचं बुंध्याकडचं जाड खोड जागेवर राहू दे, वरच्या फांद्या हव्या तर नेऊ देत. पाला देवळाच्या अंगणापुरता झाडा, राईतला जाळू नका. रस्त्याच्या दोन्ही कडांना खालचं रान दोन वर्षं वाढू दे, करवंद, रानमोडी काढून स्थानिक झुडपं, म्हणजे वारा अडेल. रानमोडी, ते बाहेरून आलेलं तण, मात्र फुलण्याआधी उपटा. आणि कौल लावा. राई देवीची आहे, तिला विचारल्याशिवाय ओंडका नेण्याची घाई का, एवढं एकच म्हातारी माणसं ऐकतील.

घाटमाथा

मी आधी लिहिलं त्यातला "उपयोगाची नाही" हा शब्द मागे घेतो. आमच्या राईतही दोन वर्षांपासून पाला जाळतात. तिकडं माझं लक्षच गेलं नव्हतं.

सत्तरीकर

करवंद काढायचं का ताई? ते तर आपलंच, आणि वाराही अडवतं.

पिसा

बरोबर, लिहिताना चूक झाली. करवंद राहू द्या. फक्त रानमोडी काढा.

बावनदी

चार महिन्यांनी लिहितोय. कौल लावला. गुरवांनी पाकळ्या लावल्या, उजवी पडली, म्हणजे ओंडका ठेवायला देवीचा होकार. वरच्या फांद्या विकल्या, त्या पैशातून मांडवाचे पत्रे आले. बुंध्याकडचं सुमारे वीस हात खोड आहे तिथंच आहे. पाला यंदा अंगणापुरताच झाडला. रस्त्याकडेच्या फांद्यांचं मात्र जमलं नाही. तारांखाली येतात म्हणून मे महिन्यात कापल्याच. त्यावर पुढच्या वर्षी बोलीन.

आर्द्रा लागल्यावर पाणंदीकडच्या वारुळावर अळंबी आली, दोन ओंजळी असेल. काढली नाही. वाडीतल्या दोन पोरांना रोज पहाटे तिथं उभं केलं. चौथ्या दिवशी सगळ्या उमलून, फाटून मातीत बसल्या.

किंजळीच्या खोडावर अजून साल घट्ट आहे. पण मोडलेल्या टोकाला, जिथं लाकूड उघडं पडलंय, तिथं काल मोहरीएवढे केशरी थेंब दिसले, ओळीनं पंधरा-वीस. दाबले तर चिकट, जेलीसारखे. हे काय असेल?

पिसा

पहिल्याच पावसाळ्यात आले म्हणजे लवकर आले. दाबू नका, खरवडू नका, आणि खाऊन तर अजिबात बघू नका. नावावर आत्ताच शिक्का मारत नाही. आठ दिवसांनी परत जा. थेंब तसेच गोल आहेत की मेंदूसारख्या घड्या पडल्या, उन्हात सुकून पापुद्रा होतो का आणि पाऊस आला की पुन्हा फुगतो का, एवढं लिहून ठेवा. शेजारी काडेपेटी ठेवून फोटो काढा, आणि खोडाच्या त्या टोकापासून किती हातांवर आहेत तेही मोजा. पुढच्या श्रावणात ते कुठवर सरकले, ते त्यावरूनच कळेल.